माझ्याएवढी झाली

दिशाला अकरावं लागलं, तरी गाडीत ती उंच करणाऱ्या बूस्टर सीटवरच बसते, म्हणून सगळे मला हसतात. हसू देत. तिची उंची कमी आहे, नुसतं बसलं की बेल्ट थेट गळ्यावर येतो. तो खांद्यावर येईपर्यंत सीट हलणार नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय.

रविवारी विंचूरला लग्नाला निघालो, तर पोरगी गाडीबाहेर हाताची घडी घालून उभी. "शेजारचा राजदादा मला बाळ म्हणतो. मी नाही बसणार त्या सीटवर!"

सासूबाईंनी लगेच नातीची बाजू घेतली. "रूपाली, काढ ती खुर्ची! पोर माझ्याएवढी झाली, आता काय लहान हाय का?" त्यांनी स्वतःच सीट उचलून डिकीत टाकली आणि नातीला घेऊन मागे बसल्या.

मी किल्लीला हातच लावला नाही. "आधी दोघी बेल्ट लावा. मग बघू."

दोघींनी लावले. दिशाचा बेल्ट गळ्याला टेकला. तिनं शेजारी बघितलं. आजीचा बेल्टही गळ्यालाच काचत होता, आणि नेहमीसारखा तो त्यांनी एका हातानं ओढून धरला होता.

दिशा खाली उतरली. डिकीतून सीट आणली, आजीच्या शेजारी आपल्या जागेवर आपटली, आणि माझ्यावरच डोळे वटारले.



"मग आजीला अशी सीट इतकी वर्षं का नाही आणलीस?"