टाकीची खोली
"सांगून पटणार नाही," न्हाव्याच्या खुर्चीत रेलून म्हातारा प्लंबर म्हणाला, "पण आमची गरम पाण्याची दोनशे लिटरची टाकी भरलेलीच खांद्यावर उचलून मी एकट्याने घरामागे बसवली." "खांदा भाजला असेल," साबण फासत न्हावी म्हणाला. "माझाच? टाकीलाही फोड आले." दुकान हसलं. म्हातारा रंगात आला. "मुलगा म्हणाला, बाबा, टाकी बाहेर निघाली की तिची खोली तुमची. शब्दाला जागला हो. खोलीला रंग दिला, पलंग घातला. सून उशाशी पाणी ठेवते." एवढं बोलताना त्याने आरशाकडून मान वळवली आणि न्हाव्याला वस्तरा थांबवावा लागला. कोपऱ्यात पेपर चाळणारा पोस्टमन म्हणाला, "काका, खांद्यावरची टाकी मी मानली. खोलीची मात्र थाप. सकाळी तुमचं पाकीट घेऊन आलो, तर दारातूनच सूनबाई म्हणाल्या, 'त्यांचं टपाल मागे, टाकीजवळच्या खाटेवर ठेवत जा.'"