कानानं निवडलेलं इंजिन

“इंजिन डोळ्यांनी न्हाई, कानानं निवडायचं रं!” लढाईवर लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादाचं हे बोलणं आकारामच्या डोक्यात अजून घुमत होतं. पुढे तोफांच्या आवाजानं आकारामचे दोन्ही कान बहिरे केले, पण लढाईवरून अर्धाच माणूस परत आला असं बनुबाईला वाटू नये, म्हणून त्यानं बायकोलाही ते सांगितलं नाही. समोरच्याचे ओठ बघायचे आणि मान डोलवायची, एवढ्यावर त्याचं निभत होतं.

मोडीतल्या लष्करी गाडीचा सांगाडा अंगणात आणून तो आपली पहिलीवहिली मोटर जुळवू लागला. साताऱ्याच्या दुकानदारानं त्याला तीन जुनी इंजिनं सुरू करून दाखवली. आकारामनं तिन्हींना कान लावला, जाणत्या गवयासारखे डोळे मिटले आणि ज्याचा रंग ताजा होता ते इंजिन घेतलं. बहिरा निघाला होता सूर पारखायला!

इंजिन अंगणात सुरू झालं, तशा कोंबड्या माळवदावर चढल्या, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

“कसं गोड गातंय बघ!” आकाराम म्हणाला.

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधीच न घेतलेल्या बनुबाईनं इंजिन बंद करायला लावलं, त्याचा चेहरा ओंजळीत धरला आणि ती सावकाश म्हणाली,

 

“तुमी लढाईवरनं आलासा त्याच दिशी मी पाठीमागनं ‘आकाराम’ म्हणून तीनदा हाक मारली हुती. तुमी वळला न्हाईसा, तवाच समजलं मला. आता पुढलं इंजिन निवडाय मला संगं न्या.”