कंपनीचं मत

“आडवळणं नकोत, वेंडेल. नव्या वीजवाहिनीचा विषय निघाला तेव्हा तुझ्या कंपनीनं मत कुणीकडं टाकलं?”

आमदार लोरेटा पिंडर यांनी माइकपाशी बसलेल्या आपल्याच गावच्या माणसाला विचारलं. राज्याच्या राजधानीत, ॲनापोलिसच्या विधानभवनात त्यांच्या विधेयकावर सुनावणी चालली होती. मागणी साधी होती. अनेक राज्यांचं मिळून एक वीजजाळं आहे, त्याचे निर्णय घ्यायला सभा भरते. तिथं वीज कंपन्या बंद दाराआड मतं देतात आणि त्याचा भार लोकांच्या बिलावर येतो. ती मतं त्यांनी राज्याला उघड सांगावीत. एवढ्याशा गोष्टीला कंपन्यांनी वकिलांची फौज उभी केली होती.

वेंडेल ट्रॅव्हर्स वकील नव्हता. तो कंपनीच्या किनाऱ्यावरच्या शाखेचा प्रमुख. विधेयक पाडायचंच, असा चंग बांधून तो आला होता, कारण त्याला ते आपल्या शब्दावरचा अविश्वास वाटत होतं. वाहिनीचा खर्च गावाच्या माथी बसला, तेव्हा गावच्या अग्निशमन बंबखान्यातल्या कालवांच्या जेवणावळीत त्यानं उभं राहून छातीठोकपणे सांगितलं होतं, कंपनी तुमच्याच बाजूनं होती, बाकीच्यांनी ऐकलं नाही. गावानं त्याच्यावर विश्वास ठेवून वाढलेली बिलं निमूट भरली.

“वाहिनीच्या विरोधात टाकलं,” तो म्हणाला. “त्याला कायदा कशाला हवा, बाई? मी सांगतोय ना!”

“तू होतास का तिथं?”

“मी नव्हतो. मत मुख्य कचेरीतला माणूस देतो.” त्यानं मागं वळून कंपनीच्या वकिलाला हाक मारली. “मॅडॉक्स, सांगून टाक रे यांना. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

मॅडॉक्स लगबगीनं त्याच्या कानाशी लागला. “सर, ते गोपनीय आहे.”

“बरं, यांना नको सांगूस. मला सांग.”

“तुम्हालाही नाही सांगता येणार.”

माइक चालूच होता. कुजबुज सगळ्या दालनानं ऐकली आणि कुणीतरी फिसकन हसलं. वेंडेलला हसू आलं नाही. मत गावाच्या बाजूनं असतं, तर कंपनीनं एव्हाना ढोल बडवले असते. जेवणावळीत मान डोलावणारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यांना आपण नकळत खोटंच सांगितलं होतं.

“उठा आता, सर,” मॅडॉक्सनं त्याचा दंड धरला. “नोकरीचा तरी विचार करा.”

वेंडेलनं दंड सोडवून घेतला आणि माइक जवळ ओढला.

“बाई, विरोधकांच्या यादीतलं माझं नाव खोडा,” तो म्हणाला. “तुमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून लिहून घ्या. माझी साक्ष आत्ता सुरू होतेय.”