चारही नाहीत

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "तुमच्या मुलीच्या अक्कलदाढा उगवणारच नाहीत. हाडात त्यांचा कोंबच नाही. बऱ्याच जणांची एखादी तरी नसते, हिच्या चारही नाहीत इतकंच. काळजीचं कारण नाही."

आईने मात्र एक्स-रे घाईघाईने पाकिटात घातला. रविवारी मुलाकडची मंडळी येणार होती, आणि स्थळ अगदी मनासारखं होतं. "हे बाहेर बोलायचं नाही," तिने लेकीला बजावलं.

रविवारी मुलाच्या आईचीच दाढ ठणकत होती, त्यामुळे विषय निघायचा तो निघालाच, आणि तुमच्या मुलीला अक्कलदाढा आल्या का, असं त्यांनी विचारलं. मुलीच्या आईचा खोटं न बोलण्याचा नेम होता, तो आजच कसा मोडायचा?

"हिला अक्कलदाढा नाहीतच हो," ती कशीबशी म्हणाली.

मुलाच्या आईचा चेहरा उजळला. "अहो, मग तर मुलगी पसंत आहे आम्हाला. आमच्या थोरल्या सुनेला चारही आल्या, आणि वर्षाच्या आत तिने वेगळं बिऱ्हाड केलं."

 

मुलीने कपबशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "काकू, त्या वहिनींचा फोन नंबर मिळेल का?"