चरे चालतील

"अंगठीला नख्या नकोत," आईनं सोनाराला तिसऱ्यांदा बजावलं. "खडा चारही बाजूंनी बंद हवा. दिवसभर माझे हात कापडात असतात."

सोनारानं मेणाचा नमुना पुढं केला. खड्याभोवती पातळ काठ होता, वर आलेलं काहीच नव्हतं. आईनं तो काउंटरवरच्या मखमलीवरून दोनदा फिरवून पाहिला. धागा अडकला नाही.

"हे कोंदण बरंय. आधीच्या अंगठीनं पंचवीस वर्षं माझे धागे ओढले."

शेजारच्या स्टुलावर चिरंजीव तोंड पाडून बसले होते. वय तेहतीस, स्वतःला दोन मुलं, आणि आईचा साखरपुडा मोडायला म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले. तीन आठवड्यांपूर्वी आईनं फोनवर सांगितलं होतं, की मी लग्न करतेय. कुणाशी, याबद्दल मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आई, साठी उलटली तुझी."

"मला माहितीय. तुझ्याआधीपासून मोजतेय."

सोनार खोकला आणि त्यानं धातूच्या तीन पट्ट्या मांडल्या. पांढऱ्या सोन्याला वरून मुलामा असतो, तो काही वर्षांनी उडतो आणि पुन्हा द्यावा लागतो, असं तो म्हणाला.

"म्हणजे रंगरंगोटी. बाद."

"मग पिवळं घ्या ताई, अठरा कॅरेटचं. पण वर्षानुवर्षं वापरलं की झिजतं. प्लॅटिनमवर चरे पडतात, धातू मात्र फारसा जात नाही."

"चरे चालतील," आई म्हणाली. "झीज खूप झाली."

मुलाला ते ऐकून वाईट वाटलं. झीज त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. बाबा म्हणजे घरातला शेवटचा शब्द. पडद्यांचा रंगही तेच ठरवायचे आणि पडदे शिवायची आई. एकदा त्यांनी तिला न विचारता तिचं शिलाई मशीन विकून टाकलं. त्याच आठवड्यात आई बॅग भरून निघाली. त्याला आता नऊ वर्षं झाली, घटस्फोटही कधीच झाला. आज सोफ्यांची कव्हरं शिवणारं तिचं स्वतःचं दुकान होतं, हाताखाली चार बायका होत्या. तेव्हा त्यानं आईचीच बाजू घेतली होती, आजही घेतली असती.

पण बाबांकडं बघवत नव्हतं. पुलापलीकडच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. हल्ली वाळले होते, फोन उचलत नव्हते. गेल्या रविवारी तो भेटायला गेला तर घराला कुलूप. संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाले, जरा पाय मोकळे करायला गेलो होतो. कुणीतरी त्यांच्या कानावर ही बातमी घातली असणार आणि माणूस आतून खचला असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

"बाबांचा विचार केलास?"

"केला. पुष्कळ केला."

"त्यांना काय वाटेल?"

"वाटेल ते वाटू दे. इतकी वर्षं त्यांच्या वाटण्यावरच घर चाललं होतं ना?"

"निदान नाव तरी सांग त्या माणसाचं."

"नाही."

"का पण?"

आईनं नमुना खाली ठेवला. "नाव कळलं की तू त्या माणसाबद्दल बोलायला लागशील. बरा आहे, वाईट आहे. मला तुझं उत्तर माझ्याबद्दल हवंय. तुझी आई स्वतःचं स्वतः ठरवू शकते की नाही, तेवढंच."

"मागणी कुणी घातली?"

"दोनदा आली, दोनदा मी परत पाठवली. तिसऱ्यांदा मीच घातली. माझ्या अटींवर."

मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग मी येणार नाही. त्या दिवशी मी बाबांजवळ असेन."

"अस की," आई शांतपणे म्हणाली. "मी कधी नको म्हटलं?"

सोनारानं उगाच तराजू पुसायला घेतला.

"तू बायको पसंत केलीस तेव्हा मी काय विचारलं होतं?" आईनं विचारलं. "जात विचारली? पगार विचारला? नाव तरी आधी विचारलं?"

आई त्याच्याकडं बघत राहिली. नजर काही ती काढून घेणार नव्हती.

"कधी येऊ, असं विचारलं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

त्यानं आईच्या हातांकडं पाहिलं. बोटांची टोकं सुया टोचून टोचून राठ झाली होती. या हातांनी नऊ वर्षांत कुणापुढं काही मागितलं नव्हतं. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली.

"कधी येऊ?" त्यानं विचारलं.

आईचे डोळे भरून आले. तिनं ते लपवले नाहीत. "महिनाअखेरीला. अंगठ्या तयार झाल्या की."

"पण बाबांना मी सांगणार. बाहेरून कळलेलं असेल तरी घरच्या माणसानं नीट सांगायला हवं."

"सांग."

"आत्ता सांगू?"

"आत्ताच सांग," आई म्हणाली आणि सोनाराकडं वळली. "भाऊ, दुसरी अंगठी बिनखड्याची. पण धातू हाच."

मुलगा स्टुलावरून उठला. घसा खाकरून त्यानं नंबर लावला. पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात जुळवत तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. चार-पाच रिंगनंतर फोन उचलला गेला. त्याच वेळी पाठीमागं दुकानाचं काचेचं दार उघडलं, आणि बाबांचा आवाज एका कानात फोनमधून आला, दुसऱ्या कानात दारातून.

"नंतर करतो रे फोन. बोटाचं माप द्यायला आलोय, आणि उशीर केला तर तुझी आई पुन्हा नाही म्हणायची."