निळा ठिपका

तिचे बाबा रंगारी. कामावरून येताना विमानं बघायच्या जागा हेरून यायचे. पूल झाला, पाण्याची टाकी झाली, पण धावपट्टीलगतच्या उंच भिंतीची सर कशालाच नव्हती. रंगकामाची लाकडी घोडी कुठे लावायची, याची खूण म्हणून त्यांनी भिंतीवर निळा ठिपका मारून ठेवला होता. ती वरच्या पायरीवर, बाबा खाली. घोडी एका पायाने लंगडी, म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभे. “बाबा, दिसलं?” “दिसलं की. कसलं झकास उडालं.” आज बाबांच्या माघारी तीच घोडी खांद्यावर टाकून ती लेकीसोबत आली. पुसट ठिपका सापडला. पोर वर चढली, घोडी डुगडुगली, तशी तिने बाबांसारखीच आवळून धरली. पलीकडे विमान गरजत धावलं. “आई, दिसलं?” तिच्या नाकासमोर नुसती भिंत, आणि निळा ठिपका. “दिसलं की. कसलं झकास उडालं.”