न थांबवलेली फेरी

सायकलवरून परतल्यावर फोनमधली फेरीची नोंद थांबवायला बायको हमखास विसरायची. मग नकाशावरची तिच्या वाटेची रेघ घरातही हिंडायची.

"आज स्वयंपाकघरात किती किलोमीटर, बाईसाहेब?" मी चिडवायचो.

"तुझा चष्मा शोधण्यातच दोन गेले!"

ती गेल्याला महिना झाला. आज तिचा फोन तिच्याच सायकलला लावून मी तिच्या नेहमीच्या रस्त्याने जाऊन आलो. घरी येऊन, फोन हातात धरून, तासभर खुर्चीत निश्चल बसलो. नोंद थांबवायची राहूनच गेली.

पाहिले तर रेघ ओट्यापाशी जाऊन आली होती, खिडकीपाशी रेंगाळली होती. माझ्या खुर्चीभोवती तिने वेढ्यांवर वेढे घातले होते.

"थांब ना गं," मी म्हणालो.

फोन माझ्या मुठीत घट्ट होता, आणि रेघ दारातून बाहेर पडत होती.